आणि एक, अठ्ठावन्न किलो

"आधी पाणी वाच, मग तोंड उघड."

बाबांचा आवाज मोठा नव्हता. चपला दाराशी काढ म्हणावं, इतक्या साधेपणाने ते हे सांगायचे. मी तेव्हा नऊ वर्षांची. पहाटे उठायचं, धक्क्याच्या टोकाला जायचं, पाण्यात रोवलेल्या खुंटावरच्या तांबड्या रेघा मोजायच्या आणि परत येऊन आमच्या बोटींच्या ऑफिसच्या फळ्यावर खडूने आकडा लिहायचा. तोवर कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. "दिवसातलं पहिलं बोलणं खरं निघालं, की पुढचं सुतासारखं सरळ येतं," असं त्यांचं म्हणणं.

बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. खुंट मात्र मी सतरा वर्षांची असल्यापासून एकटीच वाचते. सत्तावीस वर्षांत एक सकाळ चुकली नाही. अंगात ताप असताना नाही, आई गेली त्या दिवशीही नाही. पाणी वाचून आले की दिवा लावते, जप करते, मग बिनसाखरेचा चहा. सगळे याला माझा नेम म्हणतात. मीही तसंच म्हणते आणि म्हणताना मान किंचित वर जाते. देवाचं तेवढ्यावर लक्ष नसेल, असं मी धरून चालले होते.

आमच्या धक्क्यापासून तीन तळी एकामागे एक आहेत. पहिलं मोठं, गाव त्याच्याच काठाला. दुसरं लांबट. तिसरं डोंगरांच्या आत, जिथे घर नाही, रस्ता नाही, फोन लागत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक उथळ पट्टा आहे. त्याला आम्ही उंबरा म्हणतो. तिथे गुडघाभर पाणी आणि त्याखाली माणूस कमरेपर्यंत गिळणारा चिखल, म्हणजे उतरून बोट ढकलणं नाही. खुंटावर सात रेघा पाणी असेल तर सपाट तळाची बोट तीनशे वीस किलो घेऊन उंबऱ्यावरून सरकते. सहा असेल तर दोनशे साठ. अशी बोट एकच आहे आणि तो मार्ग ओळखणारे नावाडीकाकाही एकच. म्हणून तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाचं वजन आम्ही आधी मागवून घेतो, आणि निघताना ऑफिसातल्या काट्यावर पुन्हा करतो.

तिसऱ्या तळ्याच्या सहली मीच ठरवते. काय न्यायचं, कुठे बसायचं, वारा कधी उठतो, सगळं मला तोंडपाठ. दुपारनंतर समोरून वारा येतो, त्यामुळे गेलेलं माणूस दुसऱ्या दिवशीच परततं. म्हणजे एक पहाट तिकडे. म्हणून मी तिसरं तळं कधी पाहिलेलं नाही. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर त्याचे एकोणीस फोटो आहेत, लोकांनी पाठवलेले. ते मी रोज पुसते.

धाकटीने मात्र पाहिलंय. ती सात वर्षांची होती, मी सतरा. तिचा हट्ट म्हणून बाबा तिला घेऊन गेले. मला म्हणाले, "उद्या पाणी तू वाचशील ना?" त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि मी तो दागिन्यासारखा अंगावर घातला. तो टोचत होता हे कुणाला सांगणार? परत आल्यावर ती रात्री माझ्या कुशीत बोलतच सुटली. पांढरा खडक, त्यावर उभं राहून हाक मारली की तळं तीनदा ओ देतं, तळाचे गोटे मोजता येतात. मग एकाएकी रडायला लागली. "तू नव्हतीस ताई. तू कधी येणार?" मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "येईन. तुझ्या लग्नाला येईन. आता झोप." तिला गप्प करण्यासाठी मी काहीही म्हटलं असतं.

तिला घरी सगळे भिंगरी म्हणायचे, अजूनही म्हणतात. चौतिसाव्या वर्षी या भिंगरीचा फोन आला.

"ताई, आम्ही पळून जाऊन लग्न करतोय."

"पळून जाणारे आधी कळवत नाहीत."

"पळायला बोट लागते गं. आणि बोटी तुझ्याकडे."

नवरा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. स्वभावाने भला, बोलायला कमी, पोहायला अजिबात येत नाही. त्याच्या आईने तीनशे माणसांचा हॉल बघून ठेवला होता आणि तीनशेपैकी एकाही माणसाचं नाव या दोघांना धड सांगता येत नव्हतं. म्हणून यांनी ठरवलं, तिसऱ्या तळ्यावर जायचं, पाच माणसं, सही करायची, तिकडे कायम उभ्या असलेल्या तंबूत राहायचं, दुसऱ्या दिवशी परत येऊन सगळ्यांच्या शिव्या खायच्या.

ही बातमी मी आमच्या नावाडीकाकांच्या बायकोला, काकूंना सांगितली. धक्क्यावरचं चहाघर त्या चालवतात. त्या म्हणाल्या, "जन्मभर वर-खाली करणारा माणूस, आता आडवा निघालाय. बघू हो, पोट सांभाळतं का!"

मी वही काढली. असं काम मला आवडतं. नोंदणी कार्यालयातल्या बाईंना फोन केला. त्या यायला तयार झाल्या, कागद भिजायला नकोत एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्यासाठी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा काढला. लिफ्टवाल्यासाठी बोटीच्या मधोमध जागा धरली, कारण कडेला बसला तर तो कड सोडणार नाही. कायद्याला दोन साक्षीदार लागतात. एक नावाडीकाका. दुसरा कोण, ते विचारायला मी भिंगरीला फोन केला.

"आहे एक," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुला तर येता येणार नाही ना ताई? तुझा नेम असतो."

"हो ना," मी म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. एक श्वास थांबले असते तरी चाललं असतं. पण नेम म्हटलं की माझी जीभ मनाला विचारत नाही.

त्याच संध्याकाळी तिने वजनं पाठवली. "मी ५४, तो ७१, बाई ६८, काका ६०. आणि एक, ५८, बहुतेक." एकूण तीनशे अकरा. सात रेघांना अगदी बसणारं.

आणि एक. नाव लिहायला काय जड होतं? मला नाव ठाऊक होतं. शहरात तिच्याबरोबर एका खोलीत सहा वर्षं राहिलेली तिची मैत्रीण. केशकर्तनालय चालवते, म्हणून आम्ही तिला केशवाली म्हणत असू. भिंगरीच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात ती यायची. केशवाली म्हणाली, केशवालीने आणलं, केशवालीला आधीच माहीत होतं. लग्नाचं तिला माझ्याआधी महिनाभर माहीत होतं, हे मला भिंगरीनेच सहज सांगितलं. सहज सांगितलेलंच जास्त लागतं.

तेव्हापासून जप करताना माझं बोट मण्यावर आणि मन त्या पाचव्या जागेवर. मागची डावी. तिथून म्हणे पांढरा खडक सगळ्यात आधी दिसतो.

*

लग्नाच्या दोन दिवस आधी तिघं आली. लिफ्टवाल्याने माझ्या पाया पडायला वाकता वाकता धक्क्याखालच्या पाण्याकडे पाहिलं आणि तसाच सरळ झाला. केशवाली मात्र बॅग टाकून थेट मला मिठी मारायला आली. उंच, रुंद, हसली की दोन्ही खांदे हलायचे.

"ताई! शेवटी भेटलात. तुमचं इतकं ऐकलंय, की तुम्हाला बघून वाटलं, या तर उंचीला कमीच आहेत."

काकू खदखदून हसल्या. मीही हसले, दात दिसतील एवढं. मनात म्हटलं, ही अठ्ठावन्न? हिच्या एका खांद्याचं अठ्ठावन्न असेल.

आणि मग मला बरं वाटू लागलं. हेव्यालाही काठी लागते टेकायला, ती मला मिळाली. बाई वजन चोरते. स्वतःच्या मिरवण्यापायी बोट बुडवेल. बोटीतल्या सगळ्यांच्या जिवाची काळजी करणारी इथे एकटी मीच, असं मी स्वतःला सांगितलं. तिला काट्यावर उभं करायचं, दोन पावलांवर काटा. पण मी केलं नाही. तिचं वजन कळलं असतं तर बोलणं झालं असतं, बोलण्यातून मार्ग निघाला असता. मला मार्ग नको होता.

दुपारी केशवाली माझा चहा घेऊन आली. बिनसाखरेचा. "मला माहितेय तुमचं," म्हणाली. ओसरीवर बसून तिने भिंगरीचे केस मोकळे केले आणि परवाच्या वेणीची तालीम सुरू केली. ते केस मी शाळेत जाताना रोज विंचरलेले. मानेजवळ उजव्या बाजूला गुंता व्हायचा, ओढलं की भिंगरी माझ्या हाताला चिमटा काढायची. केशवालीने तिथला गुंता बोटांनी आधी सोडवला, मग फणी घातली. भिंगरीने डोळे मिटले होते.

"ताई, तुम्ही खरंच तिसरं तळं पाहिलं नाही?" केशवालीने विचारलं.

"नाही."

"एवढ्या जवळ राहून?"

"एवढ्या जवळ राहूनच," मी म्हटलं. आवाज मऊ होता. माझा नेहमीच मऊ असतो. त्याचा मला पुष्कळ फायदा झालाय.

भिंगरी डोळे न उघडता म्हणाली, "पुरे गं. तिला छळू नकोस." मग तिने डोळे उघडून मान मागे टाकली आणि त्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. ते हसू मी संध्याकाळभर कपड्यात अडकलेल्या कुसळासारखं शोधत राहिले.

दिवा लावताना मी देवाजवळ कधी काही मागत नाही. त्या संध्याकाळी मागितलं. म्हटलं, एकच रेघ. एक रेघ पाणी खाली जाऊ दे. तुला काय जड आहे?

*

दुसऱ्या दिवशी पहाटे, म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी, मी खुंटाजवळ वाकले. पाणी सातव्या रेघेला टेकलेलं. जेमतेम, पण टेकलेलं. मी तीनदा पाहिलं. देवाने ऐकलं नव्हतं.

ऑफिसात येऊन खडू उचलला. हात एवढा स्थिर होता, की त्याचीच भीती वाटावी. मी सहा लिहिलं. छान गोलाकार सहा, बाबांनी शिकवलेलं. मग त्या दिवसाचा पहिला शब्द बोलले. दारात काका उभे होते, त्यांना म्हटलं, "सहा."

"सहा?" काकांनी फळ्याकडे पाहिलं. "काल सात होतं ना?"

"उतरलं."

"हं." ते खुंटाकडे गेले नाहीत. कशाला जातील? "आम्ही तर इथे देव पाण्यात घालून बसलो होतो, आणि पाणीच चाललं. तुझ्या बापाने निदान दोनदा तरी चुकीचं वाचलं होतं. तू कधी नाही. आज चुकली असतीस तर बरं झालं असतं बघ." ते हसले आणि भिंगरीला सांगायला गेले.

मी घरी जाऊन दिवा लावला. दोन काड्या विझल्या, तिसरी लागली. जप झाला की नाही, आठवत नाही.

दुपारपर्यंत मी वहीतल्या नोंदी पुन्हा लिहीत बसले. मग सगळे ऑफिसात आले. भिंगरी, लिफ्टवाला, केशवाली, काका आणि पदराला हात पुसत काकू. भिंगरीचा चेहरा पडलेला होता. माझ्या पोटात गार वाटलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. ते लिहिताना आता लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

"पाच जणं जात नाहीत म्हणे," भिंगरी म्हणाली.

"नाही जात," मी म्हटलं. "दुसरा साक्षीदार नेता येणार नाही. आणि त्याच्याशिवाय बाई सही घेणार नाहीत."

"मी काही कमी करू शकतो का?" लिफ्टवाल्याने विचारलं. "म्हणजे, बूट वगैरे?"

"बूट काय अठ्ठावन्न किलोचे आहेत का रे?" काकू म्हणाल्या.

मी केशवालीकडे वळले. अगदी हळू आवाजात म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटलं असेल. एवढ्या लांबून आलात."

"मला?" तिने भिंगरीकडे पाहिलं. "मला कशाला वाईट वाटेल?"

"साक्षीला जाणार होतात ना."

केशवालीने दोन्ही हात पसरून स्वतःकडे पाहिलं. "मी? अहो ताई, मी ब्याऐंशी किलो आहे. माझ्यासाठी वेगळी बोट आणि वेगळं तळं लागेल. मी केस करायला आलेय, आणि तुमच्या ऑफिसचा फोन उचलायला." मग भिंगरीला कोपराने ढोसून, "सांग ना आता. आता कसलं गुपित राहिलंय?"

भिंगरी खुर्चीवर बसली. टेबलावरचा खडू उचलून उगाच फिरवू लागली.

"ते अठ्ठावन्न तू होतीस," ती म्हणाली. "अंदाजाने लिहिलं. वजन विचारलं असतं तर तुला कळलं असतं."

मी वही पुढे ओढली. ५८ तिथेच होतं.

"फोनवर विचारून पाहिलं, तर तू 'हो ना' म्हणून मोकळी झालीस. मग ठरवलं, ताईला विचारायचंच नाही. आदल्या संध्याकाळी सांगायचं आणि सकाळी उचलून बोटीत टाकायचं. दुसऱ्या दिवशीचं पाणी काकू वाचणार होत्या."

"आठवडाभर तालीम करतेय," काकू म्हणाल्या. "तू दिवा लावायला गेलीस की मी गुपचूप जाऊन मोजून येते. काल सात आलं माझं, तुझंही सात. मला इतका आनंद झाला, की चहात मीठ घातलं. आज नेमका उशीर झाला उठायला."

त्यांना उशीर झाला नसता तर. 

"पण तिसरंच तळं कशाला?" मी विचारलं. "पहिल्यावरही लग्न लागलं असतं."

"कशाला म्हणजे?" भिंगरीने वर पाहिलं. "तूच म्हणाली होतीस. मी सात वर्षांची होते. 'तुझ्या लग्नाला येईन.' मला वाटलं, आता लग्न करतेच आहे तर तुझ्याकडून तेवढं वसूल करावं."

कुणीतरी हसलं. काका असावेत. मग भिंगरीने खडू खाली ठेवला, डोळे पुसले आणि तिचा तो फिरकी घेणारा आवाज काढला. "जाऊ दे. इथेच करू. उद्या सकाळी, धक्क्यावर. ताई साक्षीदार, काका साक्षीदार. खडक नाही तर नाही. ताई तर असेल."

"मला चालेल," लिफ्टवाला म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. "मला खूपच चालेल."

सगळं जागच्या जागी बसत होतं. मी गप्प राहिले असते तर एवढंच झालं असतं, की माझी बहीण माझ्या धक्क्यावर माझ्या साक्षीने लग्न करती. केशवाली फोन उचलती. फळ्यावरचं सहा उद्या पुसलं गेलं असतं, आणि जगात एकालाही कळलं नसतं. मला जे हवं होतं त्याहून जास्त मिळत होतं. फक्त रोज एकोणीस फोटो पुसताना, विसावा, न काढलेला फोटो मला दिसला असता. पांढऱ्या खडकावर उभी माझी भिंगरी.

"सात आहे," मी म्हटलं.

"काय?"

"पाणी. सात रेघा आहे. मी सहा लिहिलं."

काकू "अगं बाई" म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. काका बाहेर गेले. धक्क्याच्या फळ्या त्यांच्या पावलांखाली एकेक करत वाजल्या, थांबल्या, परत वाजल्या. आत येऊन त्यांनी तळव्याने फळ्यावरचं सहा पुसलं. डस्टर शेजारीच होता.

"का?" भिंगरीने विचारलं.

"मला वाटलं ही जाणार." मी केशवालीकडे बोट नाही दाखवलं, पण सगळ्यांनी तिकडे पाहिलं. "मला ते बघवलं नाही."

"म्हणून माझं लग्न मोडत होतीस?"

"हो."

"नेम करून? दिवा लावून?"

"हो."

ती उठली आणि निघून गेली. लिफ्टवालाही तिच्यामागे गेला. केशवाली दारापर्यंत गेली, परत आली आणि माझ्या खांद्यावर एकदाच हात ठेवून गेली. तो हात सगळ्यात जड होता.

काका म्हणाले, "सत्तावीस वर्षं या फळ्याकडे बघून मी बोट काढली. एकदाही खाली वाकून पाहिलं नाही. तुझ्या बापाचंसुद्धा पाहायचो. तुझं नाही." दारातून वळून, "उद्या मी वाचीन."

संध्याकाळी मी भिंगरीच्या खोलीच्या बंद दाराशी उभी राहिले. आत कपड्यांच्या घड्या होत असल्याचा आवाज येत होता. मी हाक मारली नाही, पण तिला कळलं. आमच्या घरात पावलं ओळखू येतात.

"जागा तुझीच आहे," दाराआडून ती म्हणाली. "मी बदलणार नाही. पण आत्ता मला तुझ्याशी बोलायचं नाही."

"बरं," मी म्हटलं.

*

पहाटे मी धक्क्याच्या टोकाला गेले, तर काका आधीच तिथे वाकलेले. माझ्या जागेवर दुसऱ्याची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. गंमत बघा, इतकं होऊनही मला त्यांचा हेवा वाटला.

ते सरळ झाले. तोंडाने काही बोलले नाहीत, बाजूला झाले आणि मला वाकायची खूण केली.

सातवी रेघ उघडी होती, ओली, चमकणारी. पाणी तिच्याखाली दोन बोटं उतरलं होतं. सहा.

मी मागितलेली रेघ. एक दिवस उशिरा.

 आज कोण विश्वास ठेवणार होतं? पण काकांनी पाहिलं होतं. त्यांनी दोन्ही हातांची बोटं वर केली, एका हाताची पाच, एकाचं एक. मी मान हलवली. म्हणजे पाचव्या माणसाला बोट नाही. बोट आठला निघणार, बाराच्या सुमाराला पोहोचणार, आणि तिथे एक सही कमी पडणार.

चहाघराच्या मागून एक डोंगरवाट जाते, आता तिने कुणी जात नाही. बाबांनी तिची सुरुवात मला लहानपणी दाखवली होती. "पायी सहा तास, आणि शेवटी पांढरा खडक डोक्यावर येतो," म्हणाले होते. आत्ता सहा वाजत होते, म्हणजे बाराला तिथे. हिशोब करायला बोटंही लागली नाहीत. दुसऱ्या दिवसाच्या पहाटेचाही विचार मनात येऊन गेला, आणि मग वाटलं, बाबांनी पाणी वाच म्हटलं होतं, कुठलं ते कधी सांगितलं नव्हतं. तिकडेही पाणीच असेल. ऑफिसच्या कोपऱ्यात मोजायची जुनी काठी होती, रेघा मारलेली. ती घेतली.

ऑफिसात जाऊन काट्यावर उभी राहिले. मग खडू उचलला. सहा लिहिलं. त्याखाली लिहिलं, "दुसरा साक्षीदार डोंगरातून येतोय, बाराला. बोटीत चारच बसा. बाईंचे कागद पत्र्याच्या डब्यात." हात थांबला. मग शेवटी लिहिलं, "अठ्ठावन्न नाही, एकसष्ट."

चहाघराच्या दारात काकू उभ्या होत्या, हातात गरम डबा. काकांनीच उठवलं असणार. मी डबा घेतला. भिंगरीची खिडकी बंद होती. तिच्या आत तिचे केस कुणीतरी विंचरत असेल, उजवीकडचा गुंता आधी बोटांनी सोडवून. मला ते अजून आवडलं नव्हतं.

"येते," मी काकूंना म्हटलं. दिवसातला पहिला शब्द.

आणि काठी टेकत वाटेला लागले.